लाल झेंड्यांपलीकडची मारबत

चंद्रभान बारापात्रे हा माणूस चिडका असता तर माझं फार बरं झालं असतं. मी भांडले असते, त्यानेही चार शब्द सुनावले असते आणि दोघं मोकळे झालो असतो. पण हा माणूस ओरडा खाल्ला की थोड्या वेळाने चहा आणून द्यायचा. वर विचारायचा, "साखर बरोबर आहे न, ताई?" अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

अंटार्क्टिकावरच्या आपल्या देशाच्या स्टेशनवर आम्ही एक अख्खा हिवाळा एकत्र काढला. बाकीची मंडळी कुठकुठची, केरळपासून डेहराडूनपर्यंतची. नागपूरचे आम्ही दोघंच. मी बर्फ तपासायला गेलेली, ते स्वयंपाकाला. मी धरमपेठेतली, ते गोळीबार चौकाजवळच्या एका गल्लीतले. ऑटोवाला कुरकुर न करता नेईल एवढंच अंतर. पण मी जन्मात त्यांच्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं आणि लग्नाच्या जेवणावळी सोडल्या तर त्यांना धरमपेठेत काही काम पडलं नव्हतं. ओळख व्हायला आम्हाला पृथ्वीच्या बुडाशी जावं लागलं.

त्यांचं घर कोष्ट्यांचं. वडील बाबनराव हातमागावर लुगडी विणायचे. लुगडी नेसणाऱ्या बायकाच कमी झाल्या तसा माग थांबला. मागाच्या खड्ड्यात बाबनराव पाय सोडून बसायचे, तो खड्डा बुजवून त्यावर फरशी बसवली, आणि त्या फरशीवर चंद्रभानभाऊंनी पहिली शेगडी मांडली. सकाळी तर्री-पोहे, संध्याकाळी सावजी रस्सा. मग काही वर्षं सावनेरकडे कोळशाच्या खाणीच्या कँटीनमध्ये, मग लग्नांचे आचारी. एकदा एका कंत्राटदाराने विचारलं, थंड मुलखात वर्षभर जाशील का? हे म्हणाले, "हाव." त्यांना वाटलं लडाख असेल. गोव्याला मुलाखतीला गेल्यावर कळलं, जरा पुढे आहे.

"घरी सांगतलं तं चंद्रकला म्हने, तिथं भाजी कोन आनून देते?" ते बायकोचं मला सांगत होते. "मी म्हटलं, ते विचारलंच नाई वं बाप्पा."

जहाजावर चढायच्या आधी आमची झडती झाली. चोरीची नव्हे, बियांची. खिसे उलटे करून व्हॅक्यूम क्लीनर फिरवतात, बुटांचे तळवे ब्रशने घासून औषधाच्या पाण्यात बुडवतात. चंद्रभानभाऊंच्या जॅकेटच्या खिशाच्या शिवणीत मिरचीचं बी निघालं. निघायच्या आधी घरी बसून भिवापुरी मिरच्या निवडल्या होत्या म्हणे, तेव्हाचं. तपासणाऱ्या माणसाने ते बी चिमट्याने उचलून पिशवीत टाकलं, आणि आमचे आचारी असे ओशाळले, की खिशात पिस्तूल सापडलं असतं तरी एवढे ओशाळले नसते.

"ताई, एवढ्याशा बियेनं काय होते? तिथं मिरची येनार आहे काय?"

मी म्हटलं, मिरची येणार नाही, पण गवत येतं. दक्षिणेकडच्या एका बेटावर कोणाच्या तरी बुटाला चिकटून गेलेलं गवत रुजलं, आणि ते उपटता उपटता लोकांच्या नाकी नऊ आलेत. आपण नुसते उभे राहिलो तरी तिथं काही ना काही सांडतो. म्हणून नियम एकच. नेलेलं सगळं परत आणायचं, आणि तिथलं काही बिघडवायचं नाही.

हे त्यांना पटलं. माणूस मोठा मन लावून ऐकणारा. तरी पहिल्याच महिन्यात घोटाळा केलाच. उन्हाळ्यात तिथं स्कुआ नावाचे दांडगे तपकिरी पक्षी येतात. मी एकदा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेले तर चंद्रभानभाऊ ताटलीत भात आणि कोंबडीचा तुकडा घेऊन उभे, आणि समोरच्या दगडावर स्कुआ मान वाकडी करून बसलेला.

"हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

"काही नाई जी, घास ठेवून राहिलो. आमच्याकडं कावळ्याले ठेवतात न. कावळा तं इथं नाई, म्हटलं हाच त्याचा कोनी पाहुना असन."

माझं डोकं फिरलं. कोंबडीतून रोग जातो, ते पक्षी मग दारादारांत भीक मागायला लागतात, पेंग्विनची अंडी सोडून आपल्या उकिरड्यावर बसतात, पूर्वी असंच झालंय, सगळं मी एका दमात सुनावलं. त्यांनी ताटली आत नेली. थोड्या वेळाने चहा आला. साखर बरोबर होती.

त्यानंतर मात्र नियमांच्या बाबतीत आमच्यातला सगळ्यांत कडक माणूस म्हणजे चंद्रभानभाऊ. अंड्याचं टरफल, चहाची पत्ती, खरकटं पुसलेला कागद, सगळं वेगवेगळ्या ड्रममध्ये. एका शास्त्रज्ञाने बाहेर संत्र्याची साल टाकली तर हे ती उचलून त्याच्या ताटाशेजारी ठेवून आले. तो बिचारा महिनाभर संत्र्याला हात लावेना.

आता माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं स्टेशन डिझेलवर चालतं. जनरेटर, गाड्या, सगळ्यांचा धूर निघतो. तो पांढऱ्या बर्फावर बसला की बर्फ उन्हाला तापतो आणि वितळतो. काळी साडी नेसून दुपारी सीताबर्डीत फिरलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. माझा प्रश्न एवढाच होता, आमच्या असण्याने तिथला बर्फ किती काळा होतो? ते ठरवायला एक जागा अशी लागते, जिथं आमचा धूर पोचतच नाही. वारा तिथं बहुतेक एकाच बाजूने येतो. म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, स्टेशनपासून चांगलं चालत गेल्यावर, मी बर्फाचा एक पट्टा राखून ठेवला होता. त्याच्या कडेने लाल झेंडे रोवलेले. झेंड्यांच्या पलीकडे गाडी नाही, माणूस नाही. मी जायची ती सुद्धा अंगभर पांढरा कागदी झगा घालून. तो बर्फ वितळवून गाळायचा, आणि गाळणीचा कागद किती मळतो ते पाहायचं. पहिला कागद मी चंद्रभानभाऊंना दाखवला. कोरा करकरीत.

"म्हंजे इथं कोनी आलंच नाई अजून," ते म्हणाले. त्यांना ते फार आवडलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "तिकडं नका जाऊ गा, ताईची जागा आहे."

ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलीला डेंग्यू झाला.

दामिनी, एकुलती एक, पॉलिटेक्निकला शिकणारी. आधी साधा ताप म्हणाले, मग दवाखान्यात ठेवलं, मग प्लेटलेट उतरायला लागल्या. स्टेशनवर उपग्रहाचा फोन आहे, बोलणं होतं, चेहराही दिसतो. पण हिवाळ्यात तिथं ना जहाज येत ना विमान. तुमच्या घरी काहीही होवो, तुम्ही तिथंच. जाताना सगळे यावर सही करतात आणि आपल्या घरी काही होणार नाही असं प्रत्येकजण धरून चालतो.

चंद्रभानभाऊ रोज फोन करायचे आणि रोज आकडा आदल्या दिवसापेक्षा खाली असायचा. नाकातून रक्त आलं, असं एक दिवस चंद्रकलावहिनींनी सांगितलं. त्या दिवशीही त्यांनी सगळ्यांना वेळेवर जेवायला वाढलं. फक्त वरणात मीठ नव्हतं. सगळ्यांनी मुकाट्याने वरून मीठ घेतलं. आमच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं की उपचार बरोबर चाललेत, वाट बघायची. ते मान डोलवायचे. मग माझ्याजवळ येऊन विचारायचे, "ताई, खरंच बरोबर आहे न?" मी बर्फाची डॉक्टर. मला काय कळतंय! पण मीही हो म्हणायची.

अशात पोळा आला आणि गेला. माझ्या लक्षातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा पडलेला, स्वच्छ ऊन. मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी हातमोजे वाळत घालत होते. समोर लाल झेंडे दिसत होते. आणि झेंड्यांच्या पलीकडे धूर.

मी आधी डोळे चोळले. मग झगाबिगा काही न घालता धावत सुटले. म्हणजे धावण्याचा प्रयत्न केला. त्या बुटांत आणि त्या बर्फात माणूस धावतो कसला, धडपडतो. पोचेपर्यंत ज्वाळा खाली बसल्या होत्या. अंड्यांच्या पुठ्ठ्यांची, गोणपाटाची एक बाई होती. अर्धी जळून कोसळलेली. अंगात चंद्रभानभाऊंचा जुना ॲप्रन. तळणीच्या उरलेल्या तेलात बुडवून पेटवली होती, त्यामुळे काजळी अशी निघाली होती की विचारू नका. वारा नसल्याने सगळी तिथंच उतरत होती. माझ्या पट्ट्यावर काळे ठिपके पडत होते. माझ्या बाहीवर पडत होते.

चंद्रभानभाऊ स्टेशनकडे परत निघाले होते. माझ्याकडे येत होते, पण मान ताठ, नजर समोर.

"काय केलंत हे! काय केलंत!" मी किंचाळले. "मागे बघा! बघा काय केलंय ते!"

"मागं नाई पाहत, ताई," ते म्हणाले आणि माझ्या बाजूने निघून गेले.

तेव्हा मला उमगलं. ती मारबत होती.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कागदा-बांबूची मारबत काढतात. मोठ्या मारबती सगळ्या शहराच्या, पण जुन्या वस्तीत गल्लीगल्लीची छोटीही असते. तिला वाजतगाजत न्यायचं, "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडायचं, आणि शिवेबाहेर नेऊन जाळायचं. मग परत फिरायचं आणि मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर जे घालवलं तेच मागे मागे घरी येतं. चंद्रभानभाऊंच्या गल्लीची मारबत बांधायचं काम बाबनरावांपासून त्यांच्याच घरात. आम्ही धरमपेठेतले लोक हे सगळं पेपरातल्या फोटोत पाहतो.

संध्याकाळी स्टेशनप्रमुख श्रीधर सरांनी त्यांना समोर बसवलं. सर मुळात शांत, पण त्या दिवशी त्यांच्याही कपाळाची शीर उडत होती. उघड्यावर काही जाळायला तिथं सक्त बंदी. एवढे नियम पाळणाऱ्या माणसाने हे करावं तरी कसं?

"सर, मी कचरा कुठं टाकला?" चंद्रभानभाऊ खरंच गोंधळले होते. "टाकायचं नाई, हे मले माहीत आहे. म्हनून तं जाळलं. जाळलं का संपलं न?"

"आणि जागा? ताईंचीच जागा सापडली?"

"शिवेच्या बाहेर न्यावं लागते, सर. इथं गावाची शीव कुठं आहे? गाड्या तं चहूकडं फिरतात. झेंड्याच्या पलीकडं कोनीच जात नाई. म्हटलं, शीव म्हंजे तीच."

मला रडू येत होतं आणि हसूही. अख्ख्या खंडात आम्ही माणसांनी न शिवलेली म्हणून एक जागा जपली, आणि ती जपली म्हणूनच हा माणूस नेमका तिथं गेला.

श्रीधर सरांनी सांगितलं, परवा वादळ येतंय. वारा सुटला तर काजळी पट्टाभर पसरेल. त्याआधी काळा झालेला सगळा बर्फ खरवडून ड्रममध्ये भरायचा, ड्रम जहाजाने परत जातील. आणि हे काम चंद्रभानने करायचं.

"नाई जमनार, सर."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. नाही म्हणताना त्या माणसाला कोणी ऐकलं नव्हतं.

"दुसरं काही सांगा. संडास धुतो वर्षभर. ते नाई उचलत." "आत्ताच फोन झाला. पोट्टी आज उठून बसली. आकडा जरासा वर आला. आता मी जाऊन ते पुन्हा उचलून आनू? ड्रमात भरून सोबत घरी नेऊ? माह्या हातानं?"

खोलीत कोणालाच काही सुचेना. मला सुचलं, कारण मी तापलेली होते. हिवाळाभराची मेहनत गेली होती माझी. म्हटलं, "ठीक आहे. उद्या मीच उचलते. माझी जागा आहे, माझं मी बघते."

"तुमी नाई, ताई."

"का नाही?"

"जो उचलन त्याच्या मागं येते ते."

"येऊ दे की! आहे कोण माझ्यामागे रडायला!" असं म्हणून मी दार आपटून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी फावडं आणि ड्रमची घसरगाडी घेऊन गेले. मदतीला येतो म्हणालेल्या दोघांना मीच रागाने हाकललं होतं. थोडं खरवडलं असेल, मागून बुटांचा करकर आवाज आला. चंद्रभानभाऊ होते. त्यांनी माझ्या हातातलं फावडं धरलं. मी सोडेना. तेही सोडेनात. शेंबड्या पोरांसारखे आम्ही दोघं तिथं ओढाताण करत उभे.

"सोडा, ताई."

"तुम्हीच म्हणालात ना, जो उचलेल त्याच्या मागे येतं?"

"म्हनूनच आलो न. तुमची आई धरमपेठेत बसून तुमची वाट पाहून राहिली. माह्यी बला तुमच्या अंगावर घालून त्या माउलीले मी तोंड कसं दाखवू?" त्यांचे डोळे लाल झाले होते. "माह्या पोरीची आहे. माह्यी मीच उचलन."

मी फावडं सोडलं.

अख्खा दिवस त्यांनी तो बर्फ उचलला. फावड्याने मोठा थर निघाला. मग सुटे ठिपके दिसू लागले तर त्यांनी कमरेचं उलथनं काढलं, गुडघ्यावर बसले आणि एकेक ठिपका खालच्या बर्फासकट उचलत राहिले, पोळी उलटावी तसा. ओठ हलत होते. काय म्हणत होते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. मी ड्रम धरून उभी होते. माझा राग कुठं गेला म्हणाल, तर कुठंही गेला नव्हता. पण ते पुढे सरकले की ड्रम मी त्यांच्या हाताशी सरकवत होते, हेही खरं.

ड्रमचं झाकण लावलं आणि संध्याकाळपासून वारा वाढला. रात्रीत वादळाने अँटेना गेला. फोन बंद, सगळंच बंद.

त्यानंतरचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. चंद्रभानभाऊ कणीक मळायचे, भाजी फोडणीला टाकायचे, भांडी पुसायचे, आणि दर थोड्या वेळाने फोनच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. कोणी म्हणालं, "काही होत नाही हो असल्याने," तर ते नुसतं बघायचे. एकदा मला म्हणाले, "ताई, तुमचं शास्त्र खोटं नाई. पन माह्या हातानं मी ते परत आनलं, हेबी खोटं नाई न." मी त्यांच्याबरोबर लसूण सोलत बसले.

अँटेना दुरुस्त झाल्यावर पहिला फोन त्यांच्या घरूनच आला. ते उचलेनात. हात मागे बांधून भिंतीला टेकून उभे. मग मीच उचलला.

"कुठं होते हो इतके दिवस?" चंद्रकलावहिनी तिकडून ओरडल्या. "सांगा त्यायले, पोट्टी घरी आली. दवाखान्याचं पानचट वरन नको म्हनून राहिली. रस्सा मागते झनझनीत!"

मी फोन त्यांच्या कानाला लावला. दामिनीचा आवाज मलाही ऐकू आला, "बाबा, रस्स्याले मसाला किती टाकू सांगा न, आई उगाच कमी टाकते." चंद्रभानभाऊ खाली बसले, बटाट्याच्या पोत्यावर, आणि हमसून हमसून रडले. मसाला किती ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही. मी रडले का? हो, रडले. त्यात काय लपवायचं!

माझा पट्टा मात्र गेला तो गेलाच. ऑक्टोबरात ऊन चढलं तसे बर्फात बोट जाईल एवढे खड्डे दिसायला लागले. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक काळा कण. एवढं उलथन्याने उचलून सुद्धा राहिलेच होते. मी त्यांना नेऊन दाखवले. मुद्दाम नेले, खोटं कशाला बोलू.

ते वाकून पाहत राहिले. "हे जात काहून नाई, ताई? आमच्याकडं तं एका पावसात राख वाहून जाते."

"इथं पाऊस नाही. कुजत नाही, वाहत नाही. स्टेशनमागे गाडीच्या चाकोऱ्या बघितल्यात ना दगडगोट्यांत? त्या आपल्या कुणाच्या नाहीत. आपण शाळेत होतो तेव्हाच्या आहेत."

"म्हंजे इथं शीव नाईच."

"नाही. इथून बाहेर असं काही नाही."

ते त्या खड्ड्यांपाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, "आन् आमच्याकडं वाहून जाते, ते कुठं जाते?" मी म्हटलं, कुठंतरी जातंच.

श्रीधर सरांनी घडलं ते वर कळवलं. कळवणं भागच होतं. पुढच्या मोहिमेला चंद्रभानभाऊंना घेतलं नाही. त्यांना पुन्हा जायचं होतं, खूप जायचं होतं. "तिथली सवय झाली जी, इथं कचरा पाह्यला का हात शिवशिवतात," असं मला फोनवर म्हणाले. परतताना ड्रम केपटाऊनच्या बंदरात उतरला तेव्हाही ते डेकवर आले नव्हते. खोलीत बसून राहिले होते.

पुढच्या पोळ्याला मी नागपुरात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला म्हटलं, मी मारबत बघायला जाते. आई म्हणाली, त्या गर्दीत? मी म्हटलं, मोठ्या नाही, गल्लीतल्या.

चंद्रभानभाऊंच्या गल्लीची मारबत झकास झाली होती. या वेळी बांबूची, घोटीव कागदाची, नाकात नथ. दामिनी पुढे ढोलाच्या तालावर ओरडत होती, चांगली गोबरी झालेली. चंद्रकलावहिनींनी मला ओढून बायकांत घेतलं. आम्ही सगळे घसा फोडून ओरडलो. मीही ओरडले. सर्दी-खोकल्यापासून रस्त्यातल्या खड्ड्यांपर्यंत सगळं मारबतीच्या गळ्यात घातलं. नाल्याच्या काठी पोचलो. हीच पूर्वीची शीव. आता नाल्यापलीकडे पत्र्याची घरं आहेत, आणि आम्हाला येताना पाहून एक बाई दोरीवरचे कपडे घाईघाईने काढायला लागली होती.

मारबत पेटली. काजळीचा लोट उठला आणि नाल्यापलीकडे गेला. लोक परत फिरले. ढोल पुन्हा वाजायला लागला. सगळ्यांची तोंडं घराकडे.

चंद्रभानभाऊ मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी खांद्यावरून पोतं काढलं. पोत्यातून खराटा आणि खणखणतं घमेलं निघालं. घरूनच आणलेलं. आणि ते मागे वळले.

"अहो, काय करून राहिले?" चंद्रकलावहिनी गर्दीतून समोर बघत बघतच ओरडल्या, मान न वळवता. "मागं नका पाहू! साल भरलं नाई अजून पोरीले! पुन्हा होईन तिले!"

गल्लीतली माणसं थबकली होती. वळत कोणीच नव्हतं, पण चालतही नव्हतं. ढोल थांबला.

"मागच्या साली उचललं होतं वं," चंद्रभानभाऊ म्हणाले. "तरी नाई झालं."

त्यांनी नाल्यापलीकडच्या बाईला हात केला, राहू द्या कपडे, अशा अर्थाने, आणि निवत आलेल्या राखेत खराटा घातला. दामिनी थोडा वेळ आईच्या पाठीकडे बघत उभी राहिली. मग तीही वळली आणि तिने घमेलं धरलं.

मी पोतं उघडून धरलं. राख गरम होती, आणि माझं लक्ष त्या कपडे काढणाऱ्या बाईकडे होतं.

"ताई, पोतं नीट धरा," चंद्रभानभाऊ म्हणाले. "सांडून राहिलं."